न आरवलेला कोंबडा

ब्लियाला माणसांपेक्षा कोंबड्या जास्त कळतात, असं तिचा नवरा चोंग नेंग चारचौघांत सांगायचा, आणि ब्लियाला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं. माणसाच्या पोटात एक असतं आणि ओठांवर दुसरं. कोंबडी बिचारी साधी. भूक लागली की ओरडते, भ्यायली की पळते आणि दुखायला लागलं की गप्प उभी राहते. म्हणून त्या सकाळी मक्याचे दाणे टाकल्यावर बाकी सगळ्या कोंबड्या तुटून पडल्या आणि एक करडी कोंबडी पिसं फुलवून फळ्यांच्या भिंतीला टेकून तशीच उभी राहिली, तेव्हा ब्लियाच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं.

करडी तिची नव्हतीच. पलीकडच्या डोंगरावरच्या भाऊबंदांनी ती चोंग नेंगसाठी आणली होती. चोंग नेंगचं पोट भाताच्या पोत्यासारखं फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते, आणि शहरातल्या दवाखान्याने हात टेकून त्याला घरी पाठवलं होतं. दवाखान्याने हात टेकले की डोंगरातल्या मोंग लोकांत भाऊबंद हात लावतात. माणसाच्या अंगात एकच जीव नसतो, बरेच असतात. त्यातला एखादा भिऊन किंवा रुसून रानात राहिला तर माणूस आजारी पडतो. मग दारात उभं राहून त्याला हाका मारायच्या, ये बाबा, घर इथे आहे, बायको इथे आहे, चूल पेटलेली आहे. हाका मारताना एक कोंबडा, एक कोंबडी, अंडं, भात आणि उदबत्ती लागते. भाऊबंद एकामागून एक येत होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर वेताच्या डालग्यात पक्ष्यांची जोडी होती. रिकाम्या हाताने कोण येणार? चोंग नेंग सगळ्यांचा लाडका होता. जे पक्षी त्या दिवशी लागत नसत, ते ब्लिया आपल्या कोंबड्यांत सोडून देई. एवढं प्रेम अंगणात मावेना झालं होतं.

करडी दुपारपर्यंत मेली. ब्लियाने तिला उचलून पाहिलं तर तुरा काळानिळा पडलेला, मान लुळी, शेपटीखालची पिसं हिरव्या पाण्याने चिकटलेली. म्हातारी झाली असेल, असं तिने सुनेला सांगितलं. पण करडी म्हातारी नव्हती हे सून पाहुआलाही दिसत होतं.

मग ब्लियाची स्वतःची काळी कोंबडी. मग अंड्यांवर खुडूक बसलेली ठिपक्यांची, जी डालग्यात बसल्या जागी मेली आणि तिच्याखालची अंडी अजून गरम होती. ब्लियाला त्या अंड्यांचं काय करावं ते कळेना. तिने ती दुसऱ्या कोंबडीखाली ठेवली, आणि ती कोंबडीही गेली. पिल्लं तर उभ्याउभ्या गोल फिरायची आणि पडायची. ब्लियाने लसूण ठेचून चारला, मिरचीचं पाणी पाजलं, कोळशाची पूड चोचीत घातली, खुराड्यात धूर केला, पायांना लाल दोरा बांधला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी एकेक औषध सांगितलं आणि तिने एकही सोडलं नाही. कुणी म्हणालं मानमोडी आहे, कुणी म्हणालं मानमोडीत मान वाकडी होते, इथे तर नुसती लुळी पडते. कुणी म्हणालं वाऱ्यातून आलं, पेरणीसाठी डोंगर पेटवायच्या आधीचे हे दिवस वाईटच. सगळं ऐकून घेत ब्लिया मेलेल्या कोंबड्या शेताच्या कडेला पुरत होती, आणि पुरताना प्रत्येकीला शिव्या देत होती, कारण शिव्या दिल्या नसत्या तर ती रडली असती.

घरात चोंग नेंगचंही पाऊल मागेच पडत होतं. वा शू हा त्याचा मोठा चुलतभाऊ. वस्तीतला जीव बोलावणारा तोच आणि मेलेल्याला वाट सांगणाराही तोच. हाका मारून झाल्या, कोंबड्या उकडून झाल्या की तो त्यांचे पाय हातात घेऊन दिव्याशी बसायचा. बोटं एकमेकांना धरून नीट मिटलेली असली की जीव घरी आला. बोटं फाकली, नखं वाकडी गेली की अजून नाही. या वेळी त्याला बोटांपेक्षा वेगळंच काहीतरी दिसलं. नडग्यांवर जांभळे डाग होते, आत रक्त साकळल्यासारखे.

वा शूने ते पाय बराच वेळ फिरवून पाहिले. जीव एखाद्या ओल्या काळ्या जागेत अडकलाय, म्हणाला, बहुधा नदीकाठी, पाय चिखलात रुतलेत. पुन्हा बोलवावं लागेल. पुन्हा बोलावलं. पुन्हा दोन पक्षी कापले, पुन्हा तेच डाग. आता ते वर मांडीपर्यंत चढले होते. जीव अजून खोल गेला, वा शू म्हणाला. चोंग नेंगबरोबर तो लहानपणी एकाच अंथरुणात झोपलेला होता. भाऊबंदांत निरोप गेले. आणखी जोड्या आल्या. आलेला प्रत्येकजण रीतीप्रमाणे जेवला, चोंग नेंगच्या मनगटाला दोरा बांधून गेला, आणि जाताना ब्लियाने रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या डालग्यात कोंबडीची एक तंगडी आणि अंडं घातलं. ती डालगी अंगणात दिवसभर तिच्या कोंबड्यांत पडलेली असायची. ती घरोघरी परत गेली की त्यांत तिथल्या कोंबड्या बसायच्या.

डाग कुणाचे हे ब्लियाच्या लक्षात आलं ते अगदी सहज. तिच्या उरलेल्या कोंबड्यांपैकी एकीला उभं राहवेना म्हणून तिने तिला मांडीवर उलटी घेतली. कोंबडी जिवंत होती, तिचा श्वास चालू होता, आणि तिच्या नडग्यांवर तेच जांभळे डाग होते. तिने दुसरी पकडली. दुसरीलाही होते. हिला अजून कुणी कापलं नव्हतं, हिच्यासमोर कुणी हाका मारल्या नव्हत्या, चोंग नेंगच्या जिवाशी हिचा काही संबंध आला नव्हता.

ती कोंबडी काखेत घेऊन ती वा शूच्या दारात गेली. "भावोजी," ती म्हणाली, "हे बघा. हे डाग माझ्या माणसाचे नाहीत. हे कोंबड्यांचे आहेत. त्यांचंच दुखणं आहे हे."

वा शूने पाय पाहिले. मग स्वतःच्या अंगणातल्या, कोपऱ्यात पिसं फुलवून उभ्या असलेल्या कोंबडीकडे पाहिलं. म्हातारा हट्टी असता तर भांडला असता. पण त्याने नुसतं विचारलं, "मग मी इतके दिवस कुणाचा आजार वाचत होतो?" आणि खाली बसला. ब्लियाला त्याची इतकी दया आली की तिने कोंबडी बाजूला ठेवली आणि त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसून राहिली.

पण तोवर फार उशीर झाला होता. वस्तीत एकही घर सुटलं नव्हतं. चोंग नेंगला जगवायला जे जे आले होते, त्या सगळ्यांच्या अंगणात मरण पोचलं होतं, आणि ते ब्लियाच्याच अंगणातून, ब्लियाने भरून दिलेल्या डालग्यांतून गेलं होतं. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी जागा करून द्यायच्या, जरा जास्तच जागा करून द्यायच्या. एकीने पाण्यात बघतच म्हटलं की काही लोकांच्या पाहुणचाराचं ओझं घरी नेलं की उतरता उतरत नाही. ब्लिया एरवी तिला तिथेच भिजवून काढती. त्या दिवशी ती कळशी अर्धवट भरून परतली.

तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलवर आला. भला माणूस होता, धुळीने माखलेला. आजारी पक्ष्यांवर औषध नाही, लस आधी टोचायची असते, आता मेलेले खोल पुरा, चुना टाका, खाऊ नका, पक्षी वस्तीबाहेर नेऊ नका, असं त्याने सांगितलं. एका कोंबडीचं डोकं बर्फाच्या पेटीत घालून नेलं आणि रोगाचं नाव कळवतो म्हणाला. ते आजतागायत कळलेलं नाही.

सकाळी आता कुणी आरवत नव्हतं. डोंगरात माणूस कोंबड्याच्या आवाजाने जागा होतो, आणि आवाज नसला की तो जागा होऊन पडून राहतो, कशाची तरी वाट बघत. चोंग नेंग म्हणाला, "आयुष्यभर ह्यांना शिव्या घातल्या, झोप मोडतात म्हणून. आता झोपच येत नाही."

वस्तीत फक्त एक कोंबडा उरला होता. ब्लियाचा तांबडा. मोठा, उर्मट, पाहुण्यांच्या पोटऱ्या फोडणारा. तो कसा वाचला ते देव जाणे. पण तो वाचायलाच हवा होता, कारण तो चोंग नेंगचा होता, ब्लियाने मनात त्याच्यासाठीच राखून ठेवला होता. माणूस मेला की वा शू उशाशी बसून त्याला वाट सांगतो. जिथे जिथे राहिलास त्या त्या गावातून उलटा जा, तिथल्या पाण्याला आणि लाकडाला धन्यवाद दे, असं करत करत जन्मलास त्या घरापर्यंत पोच, जिथे तुझ्या जन्माची वार पुरली आहे, आणि तिथून पुढे पूर्वजांकडे. त्या वाटेवर पुढे कोंबडा चालतो. ऊन लागलं तर मेलेला त्याच्या पंखाखाली शिरतो, पाऊस आला तर शेपटीखाली. कोंबडा नसला तर माणूस आपल्याच दारात उभा राहतो, ना आत ना बाहेर. आणि चोंग नेंगची वाट सरळ नव्हती. लढाईच्या दिवसांत पळता पळता तो किती डोंगरांवर राहिला होता ते त्याला स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. त्यातून तो वाट चुकणारा माणूस. स्वतःच्या लग्नाला येताना चुकून दुसऱ्याच खोऱ्यात उतरला होता आणि ब्लिया नटूनथटून बसून राहिली होती. अशा माणसाला एकट्याला धाडायला तिचं मन धजेना.

तिने तांबड्याला आधीच पोत्यात घालून डोंगरउतारावरच्या शेताच्या खोपीत नेऊन कोंडलं होतं. तिथे माणूसही फिरकत नसे आणि तिथलं आरवणं खाली ऐकू येत नसे. रोज ती ओढ्यावर पाय राखेने घासून, लुगडं बदलून वर जायची, त्याला मका घालायची, त्याच्या नडग्या तपासायची, आणि खाली येऊन नवऱ्याचं अंग पुसायची. दोघांपैकी एकाजवळ असताना तिचा जीव दुसऱ्यापाशी असायचा.

"त्याला माझ्यापेक्षा जास्त जपतेस," चोंग नेंग म्हणायचा.

"तू पोटऱ्या फोडत नाहीस, म्हणून," ती म्हणायची. आणि घराबाहेर जाऊन तोंड धुवायची.

मग वस्तीतल्याच येंग लीची आई मेली. धडधाकट म्हातारी. चोंग नेंगसाठी जोडी घेऊन ती स्वतः चालत आली होती आणि जाताना ब्लियाला म्हणाली होती की काळजी करू नकोस. सकाळी सरपण आणायला निघाली आणि दारातच बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी येंग ली आणि त्याचे भाऊ ब्लियाच्या अंगणात आले, एका ओळीत उभे राहिले आणि जमिनीला कपाळ लावून गुडघ्यांवर बसले. मेलेल्यांसाठी काही मागायचं तर असंच मागतात, आणि समोरच्याने उठवेपर्यंत उठत नाहीत. काय मागायला आलेत ते त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिला कळलं.

"काकी," येंग ली म्हणाला, "आसपासच्या आपल्या सगळ्या वस्त्या फिरलो. कुठेच नाही."

ब्लिया म्हणाली की नाही. तिने कारण सांगितलं नाही, ते त्यांना दिसतच होतं. आतून खोकला ऐकू येत होता. ते उठले नाहीत. ब्लियाने पाठ फिरवली, झाडू घेतला आणि त्यांच्याभोवतीचं अंगण झाडायला लागली, जणू ते दगड होते. कोंबड्या नसलेल्या अंगणात झाडायला काहीच नव्हतं.

"म्हातारे," आतून चोंग नेंग म्हणाला, "देऊन टाक."

"तुझा आहे तो."

"मी अजून मेलो नाही. ती मेलीय."

"आणि उद्या तू मेलास तर?"

तो म्हणाला, "मग उद्या मरत नाही."

येंग लीच्या धाकट्या भावाला रडू फुटलं. ब्लिया झाडू टाकून तडक खोपीवर गेली. तांबड्याने तिला नेहमीसारखी चोच मारली. त्याचे पंख नीट मिटून तिने त्याला काखेत घेतलं आणि उतरताना सगळी वाट ती बडबडत होती, की ह्या माणसाने आयुष्यभर हेच केलं, पेरणीचं बी दुसऱ्याला दिलं, पावसात छप्पर दुसऱ्याचं शाकारलं, आणि आता मरायचं तेही दुसऱ्याला आधी. कोंबडा तिने येंग लीच्या हातात दिला आणि त्याला दंडाला धरून उठवलं. मग आत येऊन अंथरुणाशी उभी राहिली.

"सगळ्यांदेखत बोललास," ती म्हणाली. "मी दुसरा आणेपर्यंत मरायचं नाही."

"दुसरा मिळेपर्यंत ना? बरं," चोंग नेंग म्हणाला, जणू ती त्याला मीठ आणायला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. सुनेला बजावलं की त्याला एकटं सोडायचं नाही, आणि तो काही निर्वाणीचं बोलायला लागला तर मध्येच पेज भरवायची. मोठ्या ओढ्यापलीकडे, दोन खिंडी ओलांडून खमू लोकांचं एक गाव होतं. त्यांचे रीतिरिवाज वेगळे, बोली वेगळी, सोयरीक नाही, म्हणून तिथून कुणी चोंग नेंगला भेटायला आलं नव्हतं. त्यांच्या कोंबड्या जिवंत असतील तर याच कारणाने असतील, असा तिचा हिशेब होता. वाटेत तिला दोनदा वाटलं की मागे वळावं, की तो आत्ताच गेला असेल, आणि प्रत्येक वेळी तिने पाय उचलला, कारण तो गेला असला तरी कोंबडा लागणारच होता.

खिंडीतून उतरतानाच तिला ते ऐकू आलं. खाली गावात कोंबडे आरवत होते, एक, मग दुसरा, मग सगळे मिळून. ब्लिया वाटेवरच बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

गावाच्या तोंडाशी वाटेवर काठी आडवी बांधली होती आणि तिच्यावर बांबूच्या कामट्यांची चांदणी अडकवली होती. याचा अर्थ बाहेरच्याने आत यायचं नाही. रोगाची बातमी ओढ्यापलीकडे पोचली होती तर. चांदणी ओलांडली असती तर गाव दंड करून थांबलं नसतं. ब्लिया अलीकडे उभी राहिली आणि हाका मारू लागली. खमू तिला येत नव्हती, बाजाराची लाओ भाषा मोडकीतोडकी येत होती. बरीच माणसं आली, लांब उभी राहिली, मान हलवून गेली. एक बाई तेवढी थांबली. तिच्याच वयाची, तोंडात बिडी, कमरेवर हात.

"तुझ्या वस्तीतला रोग ना?" तिने विचारलं.

"माझ्याच अंगणातला," ब्लिया म्हणाली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. "माझा माणूस मरायला टेकलाय. त्याच्यासाठी एक कोंबडा पाहिजे. तो वाट बघतोय. मरायची नाही, कोंबड्याची."

बाईने बिडी काढली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, मोठे कोंबडे गावाचे, म्हातारे नाही म्हणतात. मग गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात लांब बांबू होता आणि त्याच्या टोकाला छोटं डालगं लटकत होतं. तिने बांबू काठीवरून अलीकडे सरकवला. आत एक तलंगा, कोवळा कोंबडा होता, मिसरूड फुटल्यासारखा तुरा, शेपटीची पिसं अर्धवट.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं नाही. पण अजून आरवत नाही."

ब्लियाने कमरेचा भरतकामाचा पट्टा सोडून बांबूला बांधला. बाईने तो काढून तिच्याच अंगावर फेकला आणि म्हणाली की रोगट गावाची वस्तू नको, निघ आता. ते तिने इतक्या मऊ आवाजात म्हटलं की ब्लियाला ते शब्द पुढे कित्येक दिवस आठवत राहिले.

चोंग नेंग जिवंत होता. पाहुआने त्याला पेज भरवून भरवून जेरीस आणलं होतं. ब्लियाने डालगं त्याच्या तोंडापाशी धरलं. त्याने एक डोळा उघडून तलंग्याकडे पाहिलं.

"हा तर पोर आहे," तो म्हणाला. "ह्यालाच मला बोट धरून न्यावं लागेल."

तलंग्याचा पाय ब्लियाने जमिनीला लागू दिला नाही. चुलीवरच्या माळ्यावर, मक्याच्या कणसांत, धुरात त्याला ठेवलं. पाणी उकळून द्यायची, दाणे भाजून द्यायची, आणि त्याला हात लावण्याआधी राखेने कोपरापर्यंत हात धुवायची. रोज सकाळी त्याला उलटा करून नडग्या पाहायची. पिवळ्या, स्वच्छ. एका सकाळी तो पिसं फुलवून डोळे मिटून बसला होता. ब्लिया शिडीवरच थांबली, त्याला हात लावायचा धीर होईना. मग त्याने डोळा उघडला, एक दाणा टिपला आणि पुन्हा झोपला. रात्री थंडी पडली होती, एवढंच.

वा शू आला, शिडीवर चढून तलंगा बघून गेला. खाली उतरल्यावर त्याने ब्लियाला बाहेर नेलं.

"आरवला का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"आरवायला पाहिजे, ब्लिया. तिकडे पोचल्यावर हा आरवतो आणि पूर्वजांचा कोंबडा त्याला उत्तर देतो. त्यावरून कळतं आपलं घर कुठलं. मुक्या कोंबड्याला कोण उत्तर देणार?"

आता घरात सगळे एकाच गोष्टीसाठी कान लावून बसले. चोंग नेंगला गिळवेना झालं. तो दिवसाचा बराच भाग भलत्याच गावांत असायचा, मेलेल्या माणसांशी बोलायचा, आणि मध्येच शुद्धीवर आला की माळ्याकडे बघून विचारायचा, "आरवला?" ब्लिया म्हणायची नाही. तो मान हलवायचा आणि श्वास घेत राहायचा. एकेक श्वास पाण्यातून घागर ओढल्यासारखा. ते बघवत नव्हतं. लेक घराबाहेर जाऊन लाकडं फोडायचा, नको असलेली लाकडं. सुनेने एकदा हळूच म्हटलं, आई, त्यांना सांगा ना की आरवला म्हणून, किती ओढायचं त्यांनी. ब्लिया तिच्यावर खेकसली, आणि मग रात्रभर तिला कळेना की आपण कुणासाठी खेकसलो.

तिने तलंग्यापुढे आरसा ठेवून पाहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून मिरीचे दाणे चारले. एकदा घरात दुसरं कुणी नाही असं बघून ती शिडीवर चढली आणि स्वतःच आरवली, गळा ताणून, हात कमरेवर ठेवून. तलंग्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. खालून चोंग नेंगच्या घशातून कसलातरी आवाज आला. ती धावत उतरली, तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, पोट धरून, दुखत असूनही.

"तूच ये पुढे," तो म्हणाला. "तुझा आवाज त्याच्यापेक्षा बरा आहे."

"आयुष्यभर मीच पुढे होते," ब्लिया म्हणाली. "नाहीतर तू कुठे पोचला असतास?"

त्यानंतर तो फारसा बोलला नाही. डोळे उघडे असायचे तेवढेच. हातपाय गार पडत चालले. वा शू आपलं अंथरूण घेऊन त्यांच्याच घरी राहायला आला. ब्लिया अंथरुणाशी बसून असायची, कान वर, माळ्यावर दाणा पडला तरी ती उठून उभी राहायची. ए, आरव रे बाबा, एकदाच आरव, असं ती मनात म्हणत राहायची, त्याला सुटू दे.

पहाट होत होती. फळ्यांच्या फटींतून राखाडी उजेड येऊ लागला होता, चुलीत निखारे होते, बाकीचे जागरणाने झोपले होते. वर कणसं खडखडली. पंख फडफडले. आणि मग माळ्यावरून एक आवाज आला, चिरका, मध्येच तुटलेला, वयात आलेल्या मुलासारखा, पण आरवण्याचाच.

चोंग नेंगने डोळे उघडले. माळ्याकडे पाहिलं आणि मग ब्लियाकडे. त्याचा चेहरा सगळा मोकळा झाला होता. ओठ हलले, ती वाकली.

"ऐकलंस?"

इतके दिवस तिने एवढंच मागितलं होतं. त्यानंतर काय, हे तिने स्वतःला कधी विचारू दिलं नव्हतं. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काय?" ब्लिया म्हणाली. "मला नाही काही ऐकू आलं."

वर तो दुसऱ्यांदा आरवला, या वेळी मोठ्याने, न अडखळता. वा शू अंथरुणात उठून बसला. चोंग नेंग तिच्याकडे बघत होता, तिच्या बोलण्याची वाट बघत.

"अजून नाही आरवला," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरून बसली.